केओटी सॉफ्टवेअर बसवताना: आधी किचन, मग मेनू

किचन ऑर्डर तिकीट, म्हणजे सगळे ज्याला केओटी म्हणतात ती ऑर्डर किचनला सांगणारी चिठ्ठी, वाचणारा माणूस उभा असतो. त्याचे दोन्ही हात कामात असतात, समोर वाफ असते आणि तिकीट दीड हात लांब रेलवर लटकत असतं. त्याला दोन सेकंदांत तीन गोष्टी कळायला हव्यात: काय, किती आणि नेहमीपेक्षा वेगळं काही आहे का. बरीच केओटी सॉफ्टवेअर मात्र बिलिंगच्या बाजूने बसवली जातात. आधी मेनू, दर आणि कर भरले जातात, मग उरलेल्या वेळात किचनचा प्रिंटर जोडला जातो. मग तिकिटावर दर छापले जातात, पदार्थाचं नाव अर्ध्यात तुटतं आणि तळणाचं काम ग्रिलवर निघतं. सॉफ्टवेअर कुठलंही असो, हा क्रम उलटा केला की निम्म्या कटकटी सुरूच होत नाहीत.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी: स्टेशनं कागदावर

मुख्य आचाऱ्यासोबत बसा आणि किचनचा साधा नकाशा काढा. एक माणूस एका जागी उभा राहून, फार न चालता जेवढं काम करतो तेवढं एक स्टेशन. सॅलड आणि डेझर्ट मेनूत दोन टोकांना असले, तरी दोन्ही थंड काउंटरवरचा एकच माणूस करत असेल तर ते एकच स्टेशन. उलट तळण घ्या. फ्राइज, तळलेले स्टार्टर आणि बर्गरची तळायची पॅटी मेनूत तीन वेगवेगळ्या गटांत असतात, पण तिन्ही एकाच फ्रायरवर होतात. मेनूचे गट ग्राहकाच्या सोयीसाठी केलेले असतात. किचनची वाटणी त्यांवरून करू नका.

मग एका स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक पदार्थासाठी सहा रकाने भरा: मेनूवरचं नाव, किचनमधलं नाव, स्टेशन, कोर्स (जेवणात तो आधी वाढायचा की नंतर), तयारीची मिनिटं आणि ऑर्डर घेताना विचारायलाच हवेत असे प्रश्न. हे शीट तयार असलं की पुढचं सेटिंग म्हणजे नुसतं भरणं. शीटशिवाय थेट स्क्रीनवर सुरुवात केली तर अर्धे निर्णय घाईत होतात आणि ते गर्दीच्या वेळी लक्षात येतात.

दोन स्टेशनांवर होणाऱ्या पदार्थांवर शीटमध्येच खूण करा. बर्गर ग्रिलवर आणि सोबतच्या फ्राइज फ्रायरवर होत असतील, तर फ्राइज हा शून्य दराचा वेगळा घटक म्हणून बर्गरला जोडा आणि त्याला स्वतःचं स्टेशन द्या. तसं केलं नाही तर ग्रिलचा माणूस दर वेळी ओरडून फ्राइज मागतो, आणि कधीतरी विसरतो.

सॉफ्टवेअरमध्ये स्टेशन नेमताना आधी गटाला नेमा, मग अपवाद असलेल्या पदार्थांना वेगळं द्या. प्रत्येक पदार्थाला सुटं सुटं नेमायला गेलात तर पुढे नवा पदार्थ टाकणारा हमखास स्टेशन विसरतो. स्टेशन नसलेल्या पदार्थाची गंमत अशी की काही सॉफ्टवेअरमध्ये तो बिलावर येतो, पण किचनमध्ये कुठेच छापला जात नाही, आणि कुणाला कसली सूचनाही मिळत नाही. म्हणून 'स्टेशन नसेल तर पासवर छापा' असं सेटिंग असेल तर ते पहिल्याच दिवशी चालू करा. पास म्हणजे तयार ताटं जिथून बाहेर जातात तो काउंटर. तिथे कुणीतरी जबाबदार माणूस असतोच, त्यामुळे चुकलेलं तिकीट तिथे पकडलं जातं.

नावं आणि मॉडिफायर

किचनमधलं नाव वेगळ्या रकान्यात का लागतं, ते प्रिंटरच्या गणितावरून कळतं. ८० मिमी कागदावर छपाईची रुंदी ७२ मिमी असते. २०३ डीपीआयचा (इंचाला २०३ ठिपके छापणारा) प्रिंटर एका मिलिमीटरला ८ ठिपके देतो, म्हणजे एका ओळीत ५७६ ठिपके. नेहमीचं अक्षर १२ ठिपके रुंद आणि २४ ठिपके उंच, म्हणून ओळीत ४८ अक्षरं मावतात. पण २४ ठिपके म्हणजे फक्त ३ मिमी उंची, आणि ती दीड हातावरून वाचता येत नाही. अक्षर दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद केलं की ६ मिमी होतं, वाचता येतं, पण ओळीत उरतात २४ अक्षरं. त्यातली तीन नग आणि मोकळ्या जागेला गेली. म्हणजे पदार्थाचं नाव २१ अक्षरांत बसायला हवं. ५८ मिमीच्या छोट्या प्रिंटरवर ३८४ ठिपके, म्हणजे दुप्पट आकारात जेमतेम १६ अक्षरं. किचनसाठी ५८ मिमी घेऊच नका.

छोटं नाव करताना वेगळेपणाचा शब्द पुढे आणा. 'क्रीमी मशरूम पास्ता' आणि 'क्रीमी चिकन पास्ता' ही नावं घाईत सारखीच दिसतात. 'मशरूम पास्ता', 'चिकन पास्ता' म्हटलं की पहिल्या शब्दालाच फरक कळतो. आचारी आपसात जे नाव बोलतात तेच लिहा.

मॉडिफायर म्हणजे पदार्थासोबत नोंदवायची निवड किंवा बदल. त्याचे दोन प्रकार काटेकोर वेगळे ठेवा. काही प्रश्नांचं उत्तर मिळाल्याशिवाय ऑर्डर पुढे जाताच कामा नये: पास्ताचा सॉस कुठला, अंडं कसं, कॉफीत दूध आहे का. इथे किमान १ आणि कमाल १ असं बंधन घाला. बाकीचे ऐच्छिक, म्हणजे जादा चीज, कांदा नको. सक्तीचे प्रश्न एका पदार्थाला दोनपेक्षा जास्त ठेवू नका. चार प्रश्न आले की वेटर न वाचता पहिला पर्याय दाबत सुटतो आणि मग ते उत्तर खोटं असतं. ज्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एकच येतं, तो सक्तीचा करू नका; तोच पर्याय मूळ धरून फक्त बदल छापा.

मोकळ्या टिपेची सोय ठेवा, पण तिच्यावर लक्षही ठेवा. आठवड्याला टिपा काढून बघा. एकच टीप वारंवार दिसली तर ती मॉडिफायर म्हणून घाला, कारण हाताने टाइप केलेली 'कमी तिखट' चार प्रकारांनी लिहिली जाते आणि एखाद वेळी पदार्थाऐवजी पूर्ण टेबलाला चिकटते.

ॲलर्जी ही मोकळ्या टिपेत कधीही नको. तिचं वेगळं बटण, तिकिटाच्या सगळ्यात वर वेगळी ओळ, आणि काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं. बहुतेक थर्मल प्रिंटर, म्हणजे शाईऐवजी उष्णतेने छापणारे, अशी उलटी छपाई करतात. ही ओळ त्या टेबलाच्या प्रत्येक स्टेशनच्या तिकिटावर गेली पाहिजे. शेंगदाण्याची ॲलर्जी फक्त डेझर्टच्या तिकिटावर छापली आणि फ्रायरवाल्याला कळलंच नाही, असं सेटिंग धोकादायक आहे. सॉफ्टवेअर घेण्याआधी विक्रेत्याकडून हे एवढं तरी प्रत्यक्ष छापून दाखवून घ्या.

तिकीट कसं दिसावं

ग्रिलच्या स्टेशनवरचं चांगलं तिकीट असं दिसतं:

ग्रिल
टेबल १२, ४ जण, ८:४२
तिकीट ०८७
– – – – – – – – – –
२ चिकन बर्गर
    चीज नको
    जादा सॉस
१ चिकन बर्गर
– – – – – – – – – –
सोबत: फ्राइज ३, सॅलड १

स्टेशनचं नाव सगळ्यात वर असतं, कारण चुकीच्या जागी निघालेलं तिकीट लगेच ओळखू यावं. टेबल आणि वेळ मोठ्या अक्षरांत. तिकीट क्रमांक लहान चालेल. नग पदार्थाच्या आधी, कारण नजर डावीकडून सुरू होते. दोन चीज नसलेले बर्गर आणि एक साधा बर्गर एकाच ओळीत '३ चिकन बर्गर' असे गोळा झाले नाहीत, हे नीट पाहा. काही सॉफ्टवेअर नाव सारखं असलं की ओळी एकत्र करतं आणि मॉडिफायर खाली ढकलतं, मग चीज कुणाला नको ते कळत नाही. एकत्र करण्याची अट 'पदार्थ आणि मॉडिफायर दोन्ही सारखे' अशी असली पाहिजे.

मॉडिफायरमध्ये 'नको' आधी, 'जादा' नंतर. एखादी गोष्ट घालायची राहिली तर वरून घालता येते, घातलेली काढता येत नाही.

शेवटची 'सोबत' ओळ छोट्या अक्षरांत असते. ग्रिलच्या माणसाला तिच्यातलं काही बनवायचं नसतं, पण टेबलाला आणखी काय जातंय ते कळलं की तो आपलं काम त्या हिशेबाने लावतो. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नाही, तिथे पासवर पूर्ण टेबलाचं एकत्र तिकीट छापून घ्या.

दर, कर, पत्ता, लोगो, धन्यवाद, सगळं काढून टाका. पार्सलच्या तिकिटावर टेबलाच्या जागी 'पार्सल' आणि नेण्याची वेळ मोठी छापा. ऑर्डर दिल्याची वेळ तिथे दुय्यम आहे.

प्रिंटरच्या कटरला कागद अर्धवट कापायला सांगा. पूर्ण कापलेलं तिकीट घसरून जमिनीवर किंवा काउंटरखाली जातं. अर्धवट कापलेलं एका टोकाला लटकून राहतं आणि हाताने सहज तुटतं. प्रत्येक तिकिटाला एक बीप पुरे. लांब भोंगा लावला तर लोक दुसऱ्या दिवशी त्यावर कापड कोंबतात.

देवनागरीत छापायचं असेल तर

आचारी मराठीत सहज वाचत असतील तर तिकीट मराठीतच हवं. पण बहुतेक थर्मल प्रिंटरच्या आत देवनागरी अक्षरं नसतात, आणि असली तरी जोडाक्षरं आणि मात्रा जुळवायची अक्कल त्यांच्यात नसते. मजकूर म्हणून पाठवलं की प्रश्नचिन्हं किंवा कचरा छापला जातो. उपाय एकच: सॉफ्टवेअरने तिकिटाचं चित्र तयार करून प्रिंटरला पाठवायचं. सेटिंगमध्ये 'इमेज म्हणून छापा' किंवा 'ग्राफिक मोड' असा पर्याय शोधा.

चित्र मात्र जड असतं. ५७६ ठिपक्यांची एक ओळ म्हणजे ७२ बाइट. १० सेंटिमीटरच्या तिकिटात अशा ८०० ओळी, म्हणजे ५७,६०० बाइट. जुन्या सिरियल केबलवर ९,६०० बॉडचा वेग असेल तर सेकंदाला साधारण ९६० बाइट जातात, म्हणजे एका तिकिटाला पूर्ण एक मिनिट लागतं. नेटवर्क केबलवर किंवा यूएसबीवर हा प्रश्नच उरत नाही. तिकीट थांबत थांबत, ओळी ओळीने बाहेर येत असेल तर आधी जोडणी तपासा, प्रिंटर बदलायची घाई करू नका.

देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार येतात, त्यामुळे त्याच उंचीत मूळ अक्षर लहान होतं. रोमन लिपीला ४८ ठिपके पुरत असतील तर देवनागरीला ५६ ते ६० द्या आणि दोन ओळींत थोडी जास्त जागा सोडा. ठळक, जाड रेषेचा फाँट घ्या; नाजूक रेषा थर्मलवर तुटतात. आणि नग कुठल्या अंकांत छापायचा ते एकदाच ठरवा. मराठी आणि इंग्रजी आकडे एकाच तिकिटावर मिसळले तर ४ ला कुणीतरी आठ वाचणार.

प्रिंटर, जागा, केबल

थर्मल कागद साधारण ६० ते ७० अंश सेल्सियसच्या पुढे आपोआप काळा पडू लागतो. शेगडीच्या वरच्या फळीवर किंवा हीट लॅम्पखाली अडकवलेलं तिकीट काही मिनिटांत वाचेनासं होतं. जिथे तिकीट गरम जागेत लटकावंच लागतं, तिथे रिबनवाला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजूनही योग्य आहे. तो साध्या कागदावर ठोकून छापतो, उष्णतेने अक्षर जात नाही, आणि लाल-काळी रिबन असेल तर रद्द झालेल्या गोष्टी लाल छापता येतात. त्याचा आवाज मोठा, वेग कमी, आणि देवनागरीचं चित्र तो फार हळू आणि ओबडधोबड छापतो. त्यामुळे मराठी तिकीट हवं असेल तर थर्मल घ्या आणि रेल थंड बाजूला हलवा.

प्रिंटर एक्झॉस्ट हुडच्या कडेखाली ठेवू नका, तिथून तेलकट थेंब पडतात. शक्य असेल तर भिंतीवर उभा लावा, म्हणजे कागद समोरून येतो आणि वरून काही आत सांडत नाही.

शक्य तिथे वायफाय टाळा आणि नेटवर्क केबल ओढा. एका तुकड्याची मर्यादा १०० मीटर आहे, किचनला ती भरपूर झाली. वायफाय टाळण्याचं कारण ठोस आहे. मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण २.४५ गिगाहर्ट्‌झवर चालतो, आणि २.४ गिगाहर्ट्‌झचं वायफाय नेमकं तिथेच असतं. मायक्रोवेव्ह चालू असताना तिकीट अडकतं, बंद झाला की एकदम तीन निघतात, असं दिसलं तर दोष बहुधा हाच. वेटरचे टॅबलेट वायफायवरच राहणार. त्यांना ५ गिगाहर्ट्‌झवर ठेवा.

प्रत्येक प्रिंटरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची त्याची ओळख, कायमचा करा, राउटरमध्ये राखून ठेवलात तर उत्तम. नाहीतर वीज जाऊन आली की राउटर पत्ते नव्याने वाटतो आणि ग्रिलची तिकिटं बारमध्ये छापली जातात. पत्ता आणि स्टेशनचं नाव प्रिंटरच्या अंगावर चिकटवा. पत्ता माहीत नसेल तर बहुतेक प्रिंटर फीडचं बटण दाबून धरून चालू केले की चाचणीची पट्टी छापतात. नेटवर्कवाल्या मॉडेलवर त्यात किंवा त्यासारख्या दुसऱ्या पट्टीवर आयपीही मिळतो.

राउटर, नेटवर्क स्विच, सर्व्हर आणि किचनचे प्रिंटर एकाच यूपीएसवर घ्या. नुसता संगणक यूपीएसवर आणि स्विच साध्या प्लगवर, ही मांडणी फार ठिकाणी दिसते आणि ती निरुपयोगी आहे.

रोलचा हिशेब असा: ८० मिमी रुंद आणि ८० मिमी व्यासाचा रोल साधारण ८० मीटरचा असतो. १५ सेंटिमीटरचं तिकीट धरलं तर पाचशेच्या आसपास तिकिटं. दिवसाला २०० तिकिटं निघणाऱ्या स्टेशनला रोल अडीच दिवस पुरेल, म्हणजे तो कधी ना कधी ऐन गर्दीत संपणारच. म्हणून रोल संपत आल्याची लाल रेघ कागदाच्या कडेला दिसायची वाट न पाहता, दुपारच्या शांत वेळी रोज रोल पाहून बदला. उरलेले अर्धे रोल बिल काउंटरला द्या.

आधीच्या ऑर्डरमध्ये भर, रद्द, टेबल बदल

साध्या ऑर्डरवर बहुतेक सगळी सॉफ्टवेअर ठीक चालतात. खरी पारख बदलांवर होते.

टेबल १२ ने दोन सूप मागवली, पाच मिनिटांनी आणखी एक. किचनमध्ये जायला हवं फक्त '१ सूप', वर 'भर' असं लिहून. 'सूप ३' छापलं गेलं तर पाच सूप तयार होतात. उलट वेटरने नग तीनवरून दोन केला, तर 'रद्द: १ सूप' असं वेगळं, ठळक तिकीट निघालं पाहिजे. आणि पाठवलेल्या पदार्थाचा मॉडिफायर बदलला तर जुन्याचं रद्द आणि नव्याचं तिकीट एकाच कागदावर हवं. दोन वेगळ्या कागदांवर आलं की एक हमखास हरवतो.

रद्द करण्याचे अधिकार दोन पायऱ्यांत ठेवा. किचनला पाठवण्याआधी वेटरने हवं ते बदलावं, पासवर्ड मागू नका. पाठवल्यानंतर कॅप्टनचा किंवा मॅनेजरचा पिन आणि कारण हवं. कारणं पाच-सहाच ठेवा: ग्राहकाने बदललं, चुकीची नोंद, पदार्थ संपला, उशीर, पदार्थ परत आला. 'इतर' ठेवू नका, नाहीतर महिनाअखेरीस सगळं 'इतर'मध्येच सापडतं.

टेबल बदललं की किचनला एक छोटी चिठ्ठी जावी: 'टेबल १२ आता २०'. दोन टेबलं एकत्र केली तरी तसंच. चिठ्ठी जात नसेल तर ताट रिकाम्या टेबलावर जातं. मात्र टेबल बदलल्यावर सगळे पदार्थ नव्याने छापणारं सेटिंग असेल तर ते बंद करा.

पुन्हा छापलेल्या तिकिटावर 'डुप्लिकेट' हा शब्द पहिल्याच ओळीत, मोठ्या अक्षरांत हवा. याला पर्याय नाही.

कोर्स लावत असाल तर मुख्य पदार्थ 'होल्ड'वर ठेवा आणि वेटरने 'फायर' दाबलं की किचनला पाठवा. इथे एक बारीक निर्णय आहे: होल्डवरचा पदार्थ किचनला आधी दाखवायचा की नाही? दाखवा, पण फिकट आणि खाली. ग्रिलवाल्याला पुढे काय येणार ते कळलं तर तो मांस वेळेवर फ्रिजमधून बाहेर काढतो.

स्क्रीन लावायची असेल तर

दोन स्टेशनांपर्यंत कागद पुरतो. तीन-चार स्टेशनं झाली आणि एका टेबलाचं काम चार ठिकाणी पसरलं, की स्क्रीनचा फायदा दिसू लागतो, कारण कुठे काय तयार झालं ते सगळ्यांना एकाच वेळी कळतं. तरीही पासवर कागद ठेवा. ताटाशेजारी ठेवता येणारी, हातात धरता येणारी गोष्ट तिथे लागते.

२१–२२ इंची, १९२०×१०८० ची स्क्रीन आणि त्यावर एका वेळी आठ तिकिटं, याहून दाटी करू नका. बाकी किती थांबली आहेत तो आकडा कोपऱ्यात दिसू दे. ओले आणि तेलकट हात टचस्क्रीनला नीट कळत नाहीत, म्हणून बटणांची बम्प बार घ्या. बम्प म्हणजे 'झालं' म्हणून तिकीट पुढे ढकलणं. चुकून ढकललेलं परत आणायला रीकॉल हे बटण लागतं, ते सगळ्यांना पहिल्या दिवशी शिकवा.

रंगांच्या वेळा स्टेशनप्रमाणे वेगळ्या ठेवा. सॅलड पाच मिनिटांत पिवळं आणि आठला लाल होणं ठीक आहे. ग्रिलला तेच लावलं तर स्क्रीन सतत लाल राहते आणि लाल रंगाला कुणी विचारत नाही. घड्याळ फायरपासून सुरू झालं पाहिजे. ऑर्डर पाठवल्यापासून मोजलं तर होल्डवरचा पदार्थ स्टेशनवर येतो तोच लाल होऊन.

'एकूण' यादी चालू करा. पाच तिकिटांत मिळून सात पास्ता आहेत हे एका नजरेत दिसलं की आचारी एकदम सातांचं पाणी लावतो.

तयारीच्या मिनिटांवरून तिकिटं मागेपुढे सोडण्याची सोय असते: ग्रिल १४ मिनिटं, पास्ता ९, सॅलड ४, म्हणून पास्ता पाचव्या मिनिटाला आणि सॅलड दहाव्या मिनिटाला दिसतं. सोय उत्तम आहे, पण पहिले दोन आठवडे ती बंद ठेवा. अंदाजाने भरलेल्या मिनिटांवर ती चालवली की गोंधळ होतो. आधी बम्पच्या नोंदी जमू द्या आणि मग प्रत्येक पदार्थाच्या वेळेची सरासरी न घेता मध्यक (वेळा क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी) घ्या, कारण विसरलेलं एखादं तिकीट ५० मिनिटं पडून राहिलं तरी सरासरी पार बिघडते. शिफ्ट संपताना सगळी तिकिटं एकदम बम्प करण्याची सवय लागली असेल तर या नोंदी कवडीमोल आहेत. 'सगळं बम्प' हे बटण फक्त मॅनेजरकडे ठेवा.

नेहमीचे बिघाड

तिकीट दोनदा निघणं. टॅबलेट तिकीट पाठवतो, नेटवर्क क्षणभर अडतं, पोच मिळत नाही, तो पुन्हा पाठवतो, आणि पहिलंही पोचलेलं असतं. चांगलं सॉफ्टवेअर प्रत्येक तिकिटाला टॅबलेटवरच वेगळी ओळख देतं आणि तीच ओळख दुसऱ्यांदा आली तर छापत नाही. विक्रेत्याला हा प्रश्न थेट विचारा.

कागद संपल्यावरही असंच होतं. नेटवर्क प्रिंटर सहसा ९१०० या पोर्टवर माहिती स्वीकारतो, पण स्वीकारली म्हणजे छापली असं नाही. रोल संपलेला असताना दोन-तीन तिकिटं प्रिंटरच्या स्मृतीत साठतात. इकडे वेटर घाबरून तीच पुन्हा छापतो. नवा रोल घातला की सगळी एकदम बाहेर येतात. म्हणून 'कागद संपला', 'झाकण उघडं' ही स्थिती प्रिंटरकडून विचारून टॅबलेटवर दाखवणारं सॉफ्टवेअर घ्या, आणि रोल बदलल्यावर आधी काय निघतं ते पाहून मगच रिप्रिंट दाबा.

गर्दीत तिकीट उशिरा येणं. अनेक प्रिंटर एका वेळी एकाच यंत्राशी बोलतात. सहा टॅबलेट थेट प्रिंटरला पाठवत असतील तर पाच जण रांगेत थांबतात किंवा परत फिरतात. मध्ये एकच प्रिंट सर्व्हर (सगळ्यांची तिकिटं घेऊन प्रिंटरला पाठवणारा संगणक) ठेवा आणि सगळ्यांची रांग तिथे लावा.

कोरा कागद येणं. थर्मल कागदाला एकाच बाजूने लेप असतो. नखाने ओरखडा काढा. काळी रेघ उमटेल ती छपाईची बाजू. रोल उलटा बसला असेल तर फिरवून घाला. छपाईत उभी पांढरी रेघ येत असेल तर प्रिंटरच्या छापणाऱ्या पट्टीवर, म्हणजे हेडवर, चिकटा बसला आहे. प्रिंटर बंद करून गार होऊ द्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापसाने हलक्या हाताने पुसा. साफ करूनही रेघ त्याच जागी राहिली तर तो ठिपका जळाला आहे, हेड बदलावं लागेल.

तिकिटांचे क्रमांक आणि तारखा विस्कटणं. व्यवसायाचा दिवस मध्यरात्री बदलत असेल तर रात्री बाराला उघड्या असलेल्या टेबलांचे क्रमांक तुटतात. दिवस बदलण्याची वेळ पहाटे ४ ठेवा आणि क्रमांक त्याच वेळी पुन्हा १ पासून सुरू करा. सगळ्या टॅबलेटचं घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळतं ना तेही पाहा. एका टॅबलेटचं घड्याळ सहा मिनिटं मागे असलं तर त्याची तिकिटं स्क्रीनवर चुकीच्या जागी घुसतात.

चालू करण्याआधी मुद्दाम बिघडवून पाहा

किचन बंद असताना दोन तास काढा. पाच मिनिटांत वीस तिकिटं पाठवा आणि प्रत्येक स्टेशनवर मोजा. मग ग्रिलच्या प्रिंटरची केबल काढून ऑर्डर पाठवा: तिकीट पासवर 'ग्रिलसाठी' असं लिहून निघालं पाहिजे, आणि वेटरला सूचना दिसली पाहिजे. इंटरनेट तोडा, पण राउटर चालू ठेवा. किचनची छपाई चालूच राहायला हवी. ती थांबली तर सॉफ्टवेअर प्रत्येक तिकीट बाहेरच्या सर्व्हरवरून फिरवतंय, आणि ते घेण्याआधी पुन्हा विचार करा. फायर केलेला पदार्थ रद्द करा, टेबल हलवा, बिल दोघांत वाटा, ॲलर्जी नोंदवा. संपलेला पदार्थ बंद करा आणि तो सगळ्या टॅबलेटवर किती सेकंदांत फिकट होतो ते मोजा. बाहेरच्या डिलिव्हरी ॲपच्या ऑर्डर जोडल्या असतील तर तिथेही तो बंद होतो का ते पाहा, कारण बऱ्याचदा तिथे वेगळा बंद करावा लागतो.

सुरुवात शनिवारी रात्री करू नका. आठवड्यातल्या सगळ्यात शांत दिवशी, एका सत्रासाठी, अर्ध्या टेबलांवर चालवा. पहिला आठवडा क्रमांक छापलेली कार्बन कॉपीची केओटी बुकं प्रत्येक वेटरच्या खिशात राहू द्या, आणि सॉफ्टवेअर पडलं तर कुणी, कुठला कागद, कुठे नेऊन द्यायचा ते एका कागदावर लिहून पासवर चिकटवा. हाताने लिहिलेल्या तिकिटांच्या नोंदी नंतर भरताना 'किचनला पाठवू नका' हा पर्याय निवडा, नाहीतर दोन तासांपूर्वीचं जेवण पुन्हा छापलं जाईल.

रोज रात्री दिवस बंद करण्याआधी उघड्या तिकिटांची यादी काढा. बिल झालं आहे पण बम्प झालेलं नाही, किंवा बम्प झालं आहे पण बिलावर नाही, अशी जी दोन-चार सापडतील ती त्याच रात्री ज्याच्या नावावर आहेत त्याला विचारून मिटवा. मग रोल पाहा आणि प्रिंटर झाकून ठेवा.